कियांतीची वाइन आणि अर्धेलीची वही

कियांतीच्या डोंगराळ पट्ट्यात वाइन चाखायला जाणाऱ्या पाहुण्याला दिवसभरात एक शब्द हमखास ऐकायला मिळतो: परंपरा. तळघरात पिंपांसमोर उभे राहून तो ऐकायचा, दुपारी जेवणाच्या टेबलावर सुपाबरोबर ऐकायचा, आणि संध्याकाळी बाटल्या बांधून घेताना पुन्हा एकदा. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला हा टेकड्यांचा मुलूख. द्राक्षवेलींच्या सरळ रांगा, ऑलिव्हची चंदेरी झाडे, सुरूच्या ओळी आणि प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एक दगडी घर. हे सगळे असेच शतकानुशतके चालत आले आहे, असे पाहुण्याला सांगितले जाते आणि डोळ्यांनाही ते पटते.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. या टेबलावर दोन निरनिराळे इतिहास शेजारी शेजारी वाढले जातात. ताटातले पदार्थ खरोखरच जुने आहेत आणि ते इथल्या कुळांच्या टंचाईतून आले. ग्लासातली वाइन मात्र आजच्या रूपात पन्नासएक वर्षांचीच आहे, आणि ती चांगली होऊ लागली तीच मुळी ही कुळे जमीन सोडून गेल्यावर. दोन्हींना मिळून एकच ‘परंपरा’ म्हणायचे, तर मधली जमीनदारी आणि तिचा हिशेब पुसावा लागतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य एका सहकारी संस्थेत जमाखर्च लिहिण्यात गेले. इटालियन भाषा शब्दकोश शेजारी ठेवून, अडखळत शिकलो. पण वही वाचायची सवय आहे, आणि ज्या विषयावर हे लिहितो आहे त्याच्या मुळाशी एक वहीच आहे. शिवाय माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताची जमीन अर्धेलीने करत. त्यामुळे ‘निम्मा वाटा’ हे शब्द माझ्या कानाला परके नाहीत.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर, द्राक्षतोडणीच्या दिवसांत, हा फेरफटका घडला. दिवस नेहमीच्या आखणीचा होता. सकाळी फ्लॉरेन्सहून आठ जणांची व्हॅन, ग्रेवे गावच्या त्रिकोणी चौकात कॉफी, एका जुन्या जमीनदार घराण्याचे तळघर, दुसऱ्या मळ्यावर दुपारचे जेवण, मग राद्दा, गायोले करत ब्रोलिओचा किल्ला. तळघरात तीन ग्लास पुढ्यात आले. पहिली साधी, वर्षभर मुरवलेली. दुसरी ‘रिझेर्वा’, किमान २४ महिन्यांची. तिसरी ‘ग्रान सेलेत्सिओने’, किमान ३० महिन्यांची. ही सर्वांत वरची पायरी २०१४ साली सुरू झाली, म्हणजे परंपरेतले सर्वांत मानाचे पान माझ्या भाचीपेक्षाही लहान. तिन्हींत सान्जोवेझे जातीचे द्राक्ष किमान ८० टक्के असावे लागते. हे द्राक्ष आंबटसर आणि तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळून येते तसे पहिल्या घोटाला होते. नुसती प्यायली तर ही वाइन रागीट वाटते. तेल, चीज, मांस यांच्यासोबत मात्र तिचा आंबटपणा नेमका जागेवर बसतो. जेवणाशिवाय कियांती समजत नाही, असे वाटाड्या म्हणाला, आणि ते अगदी खरे होते.

प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असतो. त्याची गोष्ट सगळीकडे सांगतात. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात सरहद्दीचे भांडण होते. ठरले असे की, कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वाराने निघायचे आणि जिथे गाठ पडेल तिथे सीमा. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला; तो मध्यरात्रीच ओरडू लागला आणि त्यांचा स्वार सिएनाच्या वेशीजवळच्या फोन्तेरूतोलीपर्यंत येऊन पोचला. गोष्ट छान आहे, इतिहास नाही. ही कोंबड्याची खूण बाटलीवर आली ती १९२४ साली राद्दा इथे उत्पादकांनी संघ काढल्यानंतर. बाकी कागदोपत्री इतिहास पाहायचा तर ‘कियांती’ या नावाच्या वाइनचा जुन्यात जुना उल्लेख १३९८ सालचा सांगतात, आणि ती वाइन पांढरी होती. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या, कारण परदेशी जाणाऱ्या मालात भेसळ होऊ लागली होती. सरकारने वाइनचा मुलूख आखून देण्याचे हे जगातल्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक. फर्मानात सीमा आहेत, दंड आहे. द्राक्षे पिकवणाऱ्याबद्दल त्यात काही असण्याचे कारण नव्हते.

तो पिकवणारा म्हणजे ‘मेद्झाद्रो’. इटालियनमध्ये ‘मेद्झो’ म्हणजे अर्धा. त्यावरून ‘मेद्झाद्रिया’ ही जमीन कसण्याची पद्धत. मराठीत हिला प्रतिशब्द शोधावा लागत नाही, तो कोकणात तयार आहे: अर्धेल. तेराव्या शतकापासून टस्कनीतल्या शहरी व्यापाऱ्यांनी आणि सरदारांनी टेकड्यांवरची जमीन विकत घेऊन तिचे तुकडे पाडले. एका तुकड्याला ‘पोदेरे’ म्हणत. प्रत्येक पोदेरेच्या मध्ये एक घर, त्या घरात एक एकत्र कुटुंब. जमीन, घर आणि बरेचसे भांडवल मालकाचे. श्रम सगळ्या कुटुंबाचे. पीक निम्मे निम्मे. टेकडीटेकडीवर दिसणारे जे दगडी घर पाहून पाहुणे मोबाइल बाहेर काढतात, ते तिथे का आहे याचे उत्तर हेच. आपल्याकडच्यासारखी एकत्र वसलेली गावे या मुलखात विरळ, कारण कुळाने पिकाच्या मधोमध राहावे अशी मालकाची सोय होती. सिएनाच्या नगरभवनात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या राज्यकारभाराचे भित्तिचित्र काढले आहे. त्यात शहराच्या तटाबाहेर अशीच आखीव शेते, द्राक्षमळे आणि पांढऱ्या पट्ट्याचे काळे डुक्कर हाकत शहराकडे निघालेला शेतकरी दिसतो. माल कोणत्या दिशेने जात होता ते चित्रकाराने अचूक टिपले आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सिएनाच्या दक्षिणेला बुओनकोन्व्हेन्तो या तटबंदीच्या गावी गेलो. तिथे मेद्झाद्रियाचे संग्रहालय आहे. नांगर, टोपल्या, पिंपे, स्वयंपाकघर सगळे मांडलेले आहे; पण माझे पाय अडकले ते ‘लिब्रेत्तो कोलोनिको’पाशी, म्हणजे कुळाच्या वहीपाशी. हिच्या दोन प्रती असत, एक मालकाकडे, एक कुळाकडे. दोन्ही लिहिणार ‘फात्तोरे’, म्हणजे मालकाचा कारभारी. डावीकडे ‘दारे’, उजवीकडे ‘आवेरे’. आपल्या भाषेत नावे आणि जमा. बी-बियाण्याचा निम्मा खर्च नावे, गंधकाचा निम्मा खर्च नावे, टंचाईच्या वर्षी मालकाच्या कोठारातून उचललेले धान्य पूर्ण नावे. गोठ्याचा हिशेब वेगळा: कुळ जमिनीवर आले तेव्हा बैलांची किंमत ठरवून लिहायची, वर्षअखेर पुन्हा ठरवायची, आणि फरक निम्मा निम्मा. जनावर मेले तर निम्मे नुकसान कुळाच्या नावे. जमीनधारा भारी नव्हता, व्याज फार नसे, पण शिल्लक नावेच राहायची आणि पुढच्या पानावर ओढली जायची. ज्याच्या नावाने ही वही असे त्या कुटुंबप्रमुखाला, ‘कापोच्चा’ला, पुष्कळदा अक्षरओळख नसे. माझ्या पेशातल्या कोणालाही हे पान बघून समजेल की, हा हिशेब बिनचूक असूनही कुळ कधीच वर येऊ शकत नव्हते. त्यात खोटेपणा असण्याची गरजच नव्हती.

वहीबाहेरचे देणे वेगळे. नाताळात खच्ची केलेले कोंबडे, ईस्टरला अंडी, डुक्कर मारले की मालकाला ठरलेला भाग. मालकाच्या घरचे कपडे धुवायला कुळाच्या बायका. कुटुंबातल्या मुलाचे लग्न ठरवायचे तर मालकाची परवानगी लागे, कारण पोदेरेला किती हात हवेत आणि ती किती तोंडे पोसेल याचे गणित मालक करी. गणित बिघडले की ‘दिस्देत्ता’, म्हणजे जमीन सोडण्याची नोटीस. घर मालकाचेच असल्याने नोटिशीबरोबर छप्परही जाई. कोकणात खोत उभ्या पिकाची अभावणी करायला बांधावर येई, भाताचा निम्मा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा मागे, वर वेठ घेई. तिथला फात्तोरे आणि इथला खोताचा माणूस यांना एकमेकांचे काम समजावून सांगावे लागले नसते. एक फरक मात्र मोठा होता. कोकणातल्या कुळाचे घर बहुधा वाडीत, जातभाईंच्या सोबतीला असे. टस्कनीतले कुळ टेकडीवर एकटे होते. संघटना उभी राहायला त्यामुळेच तिथे फार वेळ लागला असावा, असे मला वाटते.

या कुळांनी वाइन कोणती प्यायली? द्राक्षे तुडवून रस निघाला की चांगला भाग वाटणीला जाई आणि कुळाच्या निम्म्यातलाही बराचसा रोकड मिळवण्यासाठी विकला जाई. उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून, दोन दिवस ठेवून जे फिकट, आंबूस पेय निघे ते ‘विनेल्लो’. तेच रोजचे. शेतात बैलामागे जाताना बरोबर नेलेल्या बाटलीत तेच असे. आमच्या तीन ग्लासांच्या ओळीत विनेल्लो नव्हते, हे सांगायला नकोच.

शिवाय वाटणी मापाने होती, प्रतीने नव्हती. मालकाला निम्मी पिंपे हवीत, कुळाला निम्मी. मग वेल कमी घड धरेल अशी छाटायची, कच्चे घड काढून टाकायचे, हे नखरे कोण करणार? वेल चढवलेली असे मेपलच्या जिवंत झाडांवर, दोन ओळींच्या मध्ये गहू, बांधाला ऑलिव्ह. एकाच तुकड्यातून भाकरी, तेल, वाइन, बैलांना पाला सगळेच काढायचे होते. आज दिसणारे नुसत्या द्राक्षवेलींचे डोंगर तेव्हा जवळजवळ नव्हतेच. एमिलिओ सेरेनी या फासिस्ट राजवटीत तुरुंगवास भोगलेल्या इतिहासकाराने १९६१ साली इटलीच्या शेतीदृश्याचा इतिहास लिहिला. डोंगरउताराकडे पाहून त्यामागची मालकी कशी वाचायची हे मी त्या पुस्तकातून शिकलो.

दुपारी उशिरा आम्ही ब्रोलिओला पोचलो. हा किल्ला ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे. त्यातला बेत्तिनो रिकासोली (१८०९-१८८०) म्हणजे ‘पोलादी बॅरन’. टस्कनी इटलीच्या राज्यात सामील करण्यात त्याचा मोठा हात होता. १८६१ साली काव्हूरच्या मृत्यूनंतर तो इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला. त्याच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात: एका नृत्यसमारंभात कोणा तरुणाने त्याच्या बायकोशी जरा जास्तच सलगी दाखवली, तेव्हा हा तिला त्याच रात्री बग्गीत घालून थंडीत थेट ब्रोलिओला घेऊन आला. तिथे त्याने आयुष्यभर दोन गोष्टींत लक्ष घातले, कुळांचे आचरण आणि वाइन. कुळांना तो स्वतः धर्मशिक्षण देई. वाइनवर त्याने तीसेक वर्षे प्रयोग केले आणि १८७२ साली पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियाती यांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. सान्जोवेझे हा मुख्य. त्यातून सुगंध आणि जोम. कानायोलो थोडे, म्हणजे कडकपणा मऊ होतो. आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष रोजच्या, लवकर प्यायच्या वाइनमध्ये घालावे. मुरवायच्या वाइनमध्ये ते टाळावे.

हे पत्र कियांतीचा ‘मूळ पाठ’ म्हणून किल्ल्यात मिरवले जाते. मिरवावे असेच ते आहे. पण पुढे त्याचे काय झाले हे बघण्यासारखे आहे. १९६७ साली सरकारने कियांतीचे नियम केले, तेव्हा पांढरी द्राक्षे किमान १० आणि कमाल ३० टक्के घालणे सक्तीचे झाले. बॅरनने मुरवायच्या वाइनसाठी जे टाळायला सांगितले होते, ते सगळ्यांसाठीच कायदा झाले. माल्वाझियाच्या जोडीला त्रेब्बियानो हे भरघोस पिकणारे, चवीला सपक द्राक्षही त्यात शिरले. गवताच्या विणीतल्या ज्या पोटफुगऱ्या बाटल्या, ‘फियास्को’, जगभरच्या खानावळींत मेणबत्ती खोवून ठेवलेल्या दिसत, त्यात हीच पातळ वाइन होती. त्या विणीचे काम एम्पोली भागातल्या बायका नगावर मजुरी घेऊन करत. तळ्याकाठचे गवत चिरून हात फाटत. हा कायदा म्हणजे अर्धेलीच्या मापाची शेवटची सावली आहे, असे माझे मत. पीक वाढवायचे, प्रत बाजारावर सोडायची. चांगले उत्पादक मग कायद्याबाहेर पडले. १९७१ सालच्या ‘तिन्यानेल्लो’वर कियांती हे नाव लावता येत नव्हते, ती साधी टेबल वाइन म्हणून विकली गेली आणि कियांतीपेक्षा कितीतरी महाग ठरली. कियांती क्लासिको पट्ट्यात पांढऱ्या द्राक्षांवर पूर्ण बंदी आली ती थेट २००६ च्या हंगामापासून.

आता ताटाकडे वळू. जेवणात पहिल्यांदा आला मिठाशिवायचा पाव. पिसाने मिठावर कर बसवला म्हणून टस्कनीत असा पाव करतात, असे सांगितले जाते. पुरावा कच्चा आहे, पण चव जुनी असावी; दान्तेने आपल्या काव्यात वनवासातल्या परक्या पावाला खारट म्हटले आहे. पोदेरेवर भट्टी आठवड्यातून एकदा पेटे, कारण लाकूडही मोजून मिळे. त्यामुळे आठवड्याच्या शेवटी पाव दगडासारखा होई, आणि या मुलखाची निम्मी पाककला त्या शिळ्या पावातून निघाली आहे. काळपट कोबी, घेवडा आणि शिळा पाव एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचा, ती ‘रिबोल्लीता’. नावाचाच अर्थ पुन्हा उकळलेली. टोमॅटोत पाव विरघळवला की ‘पाप्पा’. उन्हाळ्यात पाव पाण्यात भिजवून, पिळून, त्यात कांदा-काकडी घातली की ‘पान्झानेल्ला’. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा किंवा फोडणीची पोळी होते, त्याच जातीची ही बुद्धी. पेल्लेग्रीनो आर्तूझी याने १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या खर्चाने छापलेल्या प्रसिद्ध पाकपुस्तकात अशीच कोबी-घेवड्याची सूप ‘शेतकरी पद्धतीची’ म्हणून दिली आहे, आणि ती प्रतिष्ठितांनाही आवडेल असा निर्वाळा दिला आहे. आर्तूझीचा वाचक मध्यमवर्गीय होता. शेतकऱ्याचे जेवण मालकवर्गाच्या टेबलावर चढल्याची ही पहिली पायरी म्हणता येईल.

यानंतर आली बोटभर जाडीची, आतून लालबुंद ‘बिस्तेक्का’. ती मात्र या मालिकेत बसत नाही. शब्द मुळात इंग्रजी ‘बीफस्टेक’वरून आलेला, आर्तूझीनेच तशी नोंद केली आहे. कियानिना जातीचे पांढरेशुभ्र, उंच बैल हे कुळाचे औत ओढत. गोठ्यातल्या वासराचे निम्मे मोल मालकाचे, उरलेले निम्मे वहीतले नावे फेडायला. कुळाच्या ताटात त्याचा तुकडा पडायचा प्रसंग क्वचित. आमच्या टेबलावर रिबोल्लीता आणि बिस्तेक्का एकामागून एक आल्या आणि दोन्हींना एकच विशेषण लागले. मला विचाराल तर रिबोल्लीता फार चांगली होती.

याच टेकड्यांवरून १९४४ च्या उन्हाळ्यात युद्धाची आघाडी उत्तरेकडे सरकली, आणि इथे या कथेत मराठी माणूस येतो. कियांतीच्या पश्चिम बाजूला, मोन्तेस्पेर्तोली भागात, मोन्तेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. तेव्हा तो सिटवेल या इंग्रज घराण्याच्या मालकीचा होता. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली अडीचशेहून अधिक चित्रे तिथे आणून ठेवली होती. जुलैच्या अखेरीस आठव्या भारतीय डिव्हिजनमधले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान तिथे होते, तेव्हा एरिक लिंकलेटर हा स्कॉटिश लेखक आणि बीबीसीचा वार्ताहर वॉन-थॉमस तिथे येऊन पोचले. भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रांत त्यांना उच्चेल्लोची सान रोमानोची लढाई, चिमाबूए आणि जोत्तो यांच्या माता मेरी, आणि बोत्तिचेल्लीची ‘प्रिमाव्हेरा’ दिसली. भावनेच्या भरात आपण ‘प्रिमाव्हेरा’तल्या आकृतींचे चुंबन घेतले, असे लिंकलेटरने लिहून ठेवले आहे. वाड्याच्या तळघरांत आसपासची कुळे आणि निर्वासित आसऱ्याला होते, म्हणजे एका छताखाली बोत्तिचेल्ली, टस्कनीचे मेद्झाद्री आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांहून भरती झालेले शेतकऱ्यांचे मुलगे. याच महिन्यात, १० जुलैला, पूर्वेकडे तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशिनगनचे ठाणे घेतले आणि तिथेच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. ज्या कुलाब्यात १९३३ पासून सहा वर्षे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी जमीन न कसता संप चालवला, आणि ज्या खोतीविरुद्ध १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, तोच हा मुलूख. तिबेरच्या खोऱ्यातली शेतीही अर्धेलीचीच होती.

युद्ध संपले आणि टस्कनीतली कुळे बदलून आली. १९४५ नंतरच्या नाताळांत अनेक ठिकाणी त्यांनी मालकाला द्यायचे कोंबडे त्याच्याकडे न नेता इस्पितळांत नेऊन दिले. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. देणे नाकारले नाही, पत्ता बदलला. वाटा ५० वरून ५३ टक्क्यांवर गेला. पण जमीन मिळाली नाही. १९५० च्या जमीन सुधारणेने टस्कनीत हात घातला तो किनारपट्टीच्या मारेम्मा भागातल्या पडीक जहागिरींना. कियांतीच्या टेकड्या तिच्याबाहेर राहिल्या. मग १९५६ च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीने ऑलिव्हची झाडे मेली. त्याच सुमारास प्रातोच्या कापड गिरण्या, पोज्जिबोन्सीचे कारखाने माणसे मागत होते. तरुण निघाले. त्यांच्याआधी मुली निघाल्या, कारण सासू-सासऱ्यांच्या आणि फात्तोरेच्या दुहेरी हुकमाखालच्या घरात सून म्हणून जायला त्या तयार होईनात. दोन दशकांत राद्दा, गायोले या भागांतली वस्ती जवळजवळ निम्म्यावर आली. १९६४ च्या कायद्याने मेद्झाद्रियाचे नवे करार बंद झाले, चालू करारांत कुळाचा वाटा ५८ टक्के झाला. १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे खंडात रूपांतर करायची वाट मोकळी झाली. तोवर घ्यायला फारसे कोणी उरले नव्हते.

आपल्याकडे क्रम वेगळा लागला. १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ ला ‘कृषक दिन’. कसणारा कायद्याने मालक झाला. माझ्या आजोबांना त्यांच्या खाचरांचा सातबारा मिळाला. त्यांची मुले तरीही मुंबईला गिरणीत गेली, आणि आज त्या खाचरांत भात लावायला माणूस नाही. टस्कनीतले कुळ जमिनीशिवाय गेले, कोकणातले जमीन मिळवून गेले. तिकडे रिकामी घरे मालकाच्या हाती अखंड राहिली. मेपलची झाडे तोडून, बांध सपाट करून, युरोपीय समाजाच्या अनुदानावर ट्रॅक्टर फिरेल अशा रुंद रांगांत वेली लावल्या गेल्या; नव्या मालकांना आणि मजुरी घेणाऱ्या कामगारांना वाइनच्या प्रतीची फिकीर करणे परवडू लागले. घरे मिलान, लंडन, म्युनिकच्या माणसांनी घेतली. इंग्रज इतके आले की मुलखाला थट्टेने ‘कियांतीशायर’ नाव पडले. १९८५ साली शेतघरात पाहुणे ठेवण्याचा कायदा झाला, आणि गोठ्याच्या जागी झालेल्या ज्या खोलीत आम्ही जेवलो तशा खोल्या टेकडीटेकडीवर तयार झाल्या. गव्हाणी तशाच ठेवल्या होत्या, त्यांत बाटल्या रचल्या होत्या.

राद्द्याच्या वाटेवर तोडणी चालू होती. व्हॅन थांबवून आम्हाला फोटोसाठी पाच मिनिटे दिली. रांगांत वाकलेली माणसे पूर्व युरोपातली, आफ्रिकेतली होती, दोघे पगडीवाले पंजाबी होते. लाल क्रेट भरला की ओरडून मोजणी सांगत होते. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला इटलीत ‘कापोराले’ म्हणतात. मजुरांची लूट करणाऱ्या मुकादमाला आणि त्याचे मजूर वापरणाऱ्या मालकालाही २०१६ च्या कायद्याने तुरुंगवास आहे, आणि टस्कनीच्या द्राक्षमळ्यांतूनही अशी प्रकरणे कोर्टात गेली आहेत. या खटल्यांत सर्रास दिसणारी पद्धत माझ्या पेशातली आहे: पगारपत्रकावर महिन्याचे सात-आठ दिवस लावायचे, मळ्यात पंचवीस दिवस राबवायचे, आणि मधला फरक हातावर रोख द्यायचा, कुठेही न लिहिता.